नेऊ का?

अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये ते वाक्य मारोतरावांच्या डोक्यात शिरलं आणि पोळा आला तरी निघालं नाही. वाक्य तसं साधंच होतं. मुलाच्या शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहून तिथल्या शिक्षिका प्रेमिलाबाई म्हणाल्या होत्या, "गोविंदाला अठरा पूर्ण झाली. शाळेचा नियम आहे, आता त्याला इथे ठेवता येत नाही. आणि मारोतराव, यापुढे त्याला मोठ्या माणसासारखं वागवायचं, बरं का."

मारोतरावांनी मान हलवली. बाई शिकलेल्या, त्यात गोविंदाला लहानाचा मोठा त्यांनीच केलेला. त्यांच्यापुढे मान हलवायची नाही तर काय करायचं? ज्या मुलांची बुद्धी सावकाश चालते त्यांच्यासाठी ती शाळा होती. गोविंदा तिथे गेला तेव्हा त्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं. आता तो आपली आपण अंघोळ करायचा, ताट घासायचा, रंग ओळखायचा, सांगितलेलं काम चुकतमाकत पुरं करायचा. शर्टाची बटनं मात्र त्याला कधी साधली नाहीत. पहिलं बटन दुसऱ्या काजात जायचं आणि तिथून खालचा सगळा कारभार तिरपा व्हायचा. ती बटनं रोज सकाळी मारोतराव लावून द्यायचे.

मोठ्या माणसासारखं म्हणजे नेमकं कसं, हे विचारायचं राहून गेलं. नागपुरात लकडगंजच्या अलीकडे एका चौकात मारोतरावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाक कुठे वाकलं, पायडल काहून कुरकुरतं, हे त्यांना हात लावला की समजायचं. हे वाक्य मात्र त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं तरी त्याचा नट कुठे आहे तेच सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या परीने सुरुवात केली. चहाचा कप पुढे करत म्हणाले, "गोविंदराव, चहा घ्या."

गोविंदाने मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तो उठून बाहेर डोकावून आला. पाहुणा कुठे दिसला नाही, तरी त्याने कोपऱ्यातली सतरंजी अंथरली आणि आत आवाज दिला, "माय, गोविंदराव आले. अजून चहा ठेव."

भागीरथाबाईंनी चुलीपाशीच कपाळाला हात लावला. "काय चाललं हे? पोटच्या पोराले अहो-जाहो कराले लागले. उद्या पाया पडसान त्याच्या."

"बाईनं सांगतलं तसं करून राहिलो मी."

"बाईनं सतरंजी टाकाले सांगतलं का?"

भागीरथाबाईंची स्वतःची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. त्यांनी गोविंदाला वरण-भात कालवून देणं बंद केलं. गोविंदा भातासमोर बसून राहिला आणि वाटीतलं वरण गार झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'आजच्या दिवस' म्हणत कालवून दिलं, आणि मग तो आजचा दिवस रोज उगवू लागला. मारोतरावांनी बटनांना हात लावणं सोडलं. गोविंदा तिरप्या शर्टाने चौकात जायचा, पानठेल्यावरचे लोक बघायचे आणि दुकानात बसलेल्या मारोतरावांचे हात शिवशिवायचे. घरात एक जण पोराला मोठं करत होता, दुसरी लहान करत होती, आणि सकाळचं मोठेपण संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं. गोविंदा बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं तर बरं होतं. पण मारोतरावांची साठी जवळ आली होती आणि भागीरथाबाईंना दमा होता. थोरली सुभद्रा कामठीला दिलेली, तिच्यामागे तिचा संसार. आपण गेल्यावर या पोराचं काय, हा दगड मारोतराव किती वर्षं छातीवर घेऊन हिंडत होते. शाळा होती तोवर दिवसभर तरी तो शाळेच्या पायरीवर ठेवून येता यायचा. आता कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

आषाढात प्रेमिलाबाई स्वतःहून घरी आल्या. लकडगंजात ताराचंद मिस्त्रींचा सुतारीचा कारखाना होता, शाळेची बाकं तिथेच बनायची. पोळ्याच्या आधी दोन महिने मिस्त्री बाकीचं काम बाजूला ठेवून फक्त लाकडी बैल बनवत. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात पोराटोरांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून पोरं मैदानावर नेतात, मग दोरीने ओढत घरोघर फिरवतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं ठेवतात. त्या बैलांना रेजमाल, म्हणजे खरखरीत कागद, घासून गुळगुळीत करणारा माणूस मिस्त्रींना हवा होता.

"पोळ्यापर्यंत पाहतो," ताराचंद मिस्त्री म्हणाले. त्यांची बोली अर्धी हिंदी, अर्धी मराठी, आणि दोन्हीत सारखाच कडकपणा. "जमलं तं पक्का ठेवून घेतो. नाही जमलं तं बाई, बुरा मत मानो, मी काही शाळा नाही चालवून राहिलो."

पहिल्या दिवशी मारोतरावांनी दुकान उघडलंच नाही. कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून ते समोर बघत राहिले. दुपारी मिस्त्रींनी त्यांना ओळखलं आणि आत बोलावलं.

"भाऊ, सकाळपासून एकाच बैलाचं कपाळ घासून राहिला हा. आजच्या आज बैलाची बकरी होऊन जाईन."

मारोतराव ओशाळले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि त्यांनी निळ्या खडूने एका बैलावर शिंगांपासून शेपटीपर्यंत रेघा ओढल्या. "गोविंदा, निळं दिसेल तिथे घासायचं. निळं संपलं की बैल झाला." निळं गोविंदाला चांगलं कळायचं. त्या संध्याकाळी त्याच्यापुढे बैलांची ओळ लागली होती आणि मिस्त्रींनी त्याला पेलाभर चहा दिला.

मिस्त्रींच्या कारखान्यात एक रिवाज होता. कोणाच्या हातातली वस्तू कोणी परस्पर उचलायची नाही. कुठे चिकटवायचा सरस ओला असतो, कुठे रंग. न विचारता उचललं की बोटं उमटतात आणि मेहनत पाण्यात जाते. म्हणून आधी विचारायचं, "नेऊ का?" ज्याच्या हातात वस्तू असेल तो 'ने' म्हणाला तर न्यायची. 'थांब' म्हणाला तर खुद्द मिस्त्रीही थांबायचे.

गोविंदाला पहिल्यांदा कोणी तसं विचारलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग तो म्हणाला, "ने." त्यानंतर त्याला त्याची गोडीच लागली. कोणी विचारलं की तो रेजमाल खाली ठेवायचा, बैलावरून हात फिरवायचा, दूर धरून बघायचा, आणि एखाद्या पंचाने निकाल द्यावा तसा निकाल द्यायचा.

घरी जेवताना त्याने सांगितलं, "मले विचारते."

"काय विचारते?" मारोतराव म्हणाले.

"नेऊ का म्हणते."

भागीरथाबाईंच्या हातातली पळी थांबली. "अरे बाप्पा, कोण नेते तुले?"

गोविंदा खूप हसला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. यात हसण्यासारखं काय होतं ते दोघांनाही उमगलं नाही, पण पोरगा हसतोय म्हणजे ठीक असेल, असं धरून दोघं पुढे जेवले.

श्रावण सरत आला, पोळ्याला चार-पाच दिवस उरले तेव्हा सुभद्रा आपल्या बंड्याला घेऊन कामठीहून दोन दिवस माहेरी आली. बंड्या तिसऱ्या वर्षात होता आणि दिसेल ती वस्तू ओढत नेण्याचं त्याचं वय होतं. आल्या आल्या त्याने कोनाड्याकडे बोट दाखवलं. कोनाड्यात राजा होता.

राजा म्हणजे गोविंदाचा नंदी. गोविंदा बंड्याएवढा असताना मारोतरावांनी घेतलेला, सागवानी, एका कानाचा टवका उडालेला. गोविंदाने एकही तान्हा पोळा चुकवला नव्हता. शिंगांना बेगड लावायची, पाठीवर भागीरथाबाईंनी शिवलेली झूल टाकायची आणि दोरी धरून मैदानावर जायचं. लहान होता तेव्हा ते शोभायचं. मागच्या वर्षी तो बापापेक्षा वीतभर उंच, ओठावर मिशी, आणि कमरेएवढ्या पोरांच्या रांगेत राजाची दोरी धरून उभा. पोळा भरवणाऱ्या मंडळाचा एक जण भोंग्यावरून ओरडला होता, "पालकांनी बाजूला व्हावं, नंदी पोरांच्या हाती द्यावा." सगळं मैदान हसलं. गोविंदाही हसला, त्याला वाटलं मजा चाललीय. मारोतरावांना पोराची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा इतका राग आला की ते बोजारा न घेता त्याला हाताला धरून घरी घेऊन आले होते.

बंड्याने कोनाड्याकडे बोट दाखवलं आणि मारोतरावांना एकदम वाटलं, सापडला नट. मामाचा नंदी भाच्याला जातो, ही घराघरातली रीतच. मोठी माणसं नंदी ओढत नाहीत. यापेक्षा सरळ काय असणार?

सुभद्रा परत निघाली तेव्हा गोविंदा कामावर होता. मारोतरावांनी राजाला पुसलं, पिशवीत घातलं आणि सुभद्राच्या हाती दिलं. ती दुपारच्या बसने कामठीला गेली. भागीरथाबाईंनी रिकामा कोनाडा झाडून तिथे एक आरसा आणि कंगवा ठेवला, मोठ्या माणसाचं सामान म्हणून. त्या दिवशी कधी नव्हे ते नवराबायकोचं एकमत झालं होतं.

संध्याकाळी गोविंदा आला. हातपाय धुऊन तो कोनाड्यासमोर उभा राहिला. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्याने आरसा उचलून त्याच्यामागे पाहिलं.

"राजा?"

"राजा बंड्याले दिला," मारोतराव म्हणाले. "गोविंदराव, तुमी आता कामाले जाता. मोठी माणसं नंदी नाही नेत."

गोविंदा रडला नाही, रुसला नाही. त्याने आरसा जागेवर ठेवला आणि जेवायला बसला. "पाह्य," मारोतराव हळूच बायकोला म्हणाले, "समजलं त्याले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींचा निरोप आला: ताबडतोब या. मारोतराव ट्यूबचं ठिगळ अर्धवट टाकून सायकलवर बसले.

कारखान्यासमोर गिऱ्हाईकांची झुंबड होती. आत कोपऱ्यात गोविंदा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्याभोवती बैलच बैल. मांडीवर, पायांमध्ये, मागे भिंतीपर्यंत. गोठा भरला होता. एकाही बैलावर निळी रेघ उरली नव्हती, आणि तरी तो एक उचलून घासत होता.

"दोन दिवसांपासून हेच," मिस्त्री म्हणाले. "विचारलं की थांब म्हणते. मी विचारलं, मलेही थांबा म्हणते. हे पाहा. गोविंदा, नेऊ का?"

"थांबा," गोविंदा मान वर न करता म्हणाला.

"मंग उचलून न्या ना," मारोतराव म्हणाले. "तुमचेच तं बैल."

"उचलले असते. पण एकदा मीच न विचारता उचललं तं उद्या इथं कोणी कोणाचं आयकनार नाही. रिवाज माह्या बापानं लावला, मी कसा मोडू?" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि उगाच परत कानावर ठेवली. "काम चांगलं करते तो, झूठ नाही बोलनार. पण रंगाऱ्याचे हात रिकामे, गिऱ्हाईक दारात. उद्या सांजपर्यंत त्यानं बैल सोडले तं ठीक. नाही तं परवापासून नका पाठवजा."

मारोतरावांनी सगळं करून पाहिलं. गोविंदराव म्हणून विनवलं, गोविंद्या म्हणून दटावलं, जिलबी आणून दाखवली. गोविंदाने जिलबी खाल्ली आणि बैल सोडले नाहीत. बाईंकडे धाव घ्यावी तर त्या पोळ्यासाठी गावी गेलेल्या. भागीरथाबाई म्हणाल्या, कोणाची नजर लागली. मारोतरावांना काहीच सुचेना. घरात भांडण नाही, कारखान्यात कोणी मारलं-झोडलं नाही, मग पोराला झालं तरी काय? चार महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड जरा हलका झाला होता, आणि आता तो दुप्पट होऊन बसला.

पोळ्याच्या सकाळी ते गोविंदाबरोबरच कारखान्यात गेले आणि भुश्यात त्याच्यासमोर फतकल मारून बसले. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं. आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

"काय झालं गा गोविंदा?" ते म्हणाले. "तूच सांग. मले काहीच नाही समजून राहिलं."

गोविंदा घासत राहिला. मग त्याने रेजमाल खाली ठेवला. "तुमी नाही विचारलं."

"काय नाही विचारलं?"

"नेऊ का."

"मी? मी काहून नेऊ हे बैल?"

"राजाले," गोविंदा म्हणाला.

बाजूला रंधा चालला होता, त्याचा आवाज मारोतरावांना ऐकू येईनासा झाला. राजाला कोनाड्यातून उचलताना पोराला विचारायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. राजाच काय, शाळेत घातलं तेव्हा, केस कापले तेव्हा, मिशी ठेवू की काढू यावर नवराबायको भांडले तेव्हा, या कामाला लावलं तेव्हा, कधीच आलं नव्हतं. त्याला काय विचारायचं, त्याला काय कळतं, असंही ते म्हणाले नव्हते. विचारायची जागा असते हेच त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून पुढे काय करतात ते काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "आता विचारतो. राजाले बंड्याकडं देऊ का?"

गोविंदाने आपले दोन्ही हात उघडून पाहिले. "राजा कुठं हाये?"

"कामठीले."

"आना."

बरोबरच होतं. वस्तू हातात नसताना 'नेऊ का' विचारण्यात काय अर्थ? मारोतरावांनी मिस्त्रींना सांजेपर्यंत थांबायची विनंती केली आणि कामठीची बस पकडली.

सुभद्रा हातातलं पुरण तसंच टाकून बाहेर आली. वडील काय म्हणतात ते ऐकून ती बघतच राहिली. "बाबा, दिलेली वस्तू कोणी परत नेते का? सासरचे लोक काय म्हनतीन मले?" बंड्याने राजाची दोरी घट्ट धरून भोकाड पसरलं. मारोतरावांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण कारखान्याचा रिवाज, ओला रंग, कोनाडा, हे सगळं त्यांच्या तोंडून असं काही गुंतत गेलं की सुभद्राला बापाचीच काळजी वाटू लागली.

"मले नाही सांगता येत वं," शेवटी ते म्हणाले. "पोरगं घे अन् तूच चाल."

बसमध्ये बंड्या आजोबांच्या मांडीवर, राजा बंड्याच्या मांडीवर. कामठीपासून नागपूरपर्यंत बंड्या रडत होता आणि सगळी बस म्हाताऱ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती.

ऊन उतरलं होतं. कारखान्याबाहेर गिऱ्हाईकं वैतागून उभी होती आणि डबा घेऊन आलेल्या भागीरथाबाई पदराला हात पुसत त्यांच्यात उभ्या होत्या. मारोतराव वाट काढत आत गेले आणि राजाला गोविंदाच्या मांडीवर ठेवलं.

गोविंदाने राजाला फिरवून पाहिलं. पाठीवरच्या वॉर्निसचे पापुद्रे निघाले होते. त्याने खडूचा तुकडा उचलला आणि बाई ओढत तशा रेघा स्वतःच राजावर ओढल्या, शिंगांपासून शेपटीपर्यंत. मग घासायला बसला.

"नेऊ का?" मारोतरावांनी विचारलं.

"थांबा."

सगळे थांबले. मिस्त्री थांबले, रंगारी थांबला. एक गिऱ्हाईक दुसऱ्याला हळूच विचारत होतं, इथं काय चाललंय, आणि दुसऱ्याला ते सांगता येत नव्हतं. बंड्या रडून रडून उचक्यांवर आला होता. निळं कमी कमी होत गेलं. टवका उडालेल्या कानामागची शेवटची रेघ गोविंदाने बोटाला कागद गुंडाळून काढली.

"आता नेऊ का?" मारोतराव म्हणाले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की विचारलं म्हणजे 'नाही' पण येऊ शकतं. नाही म्हणाला तर? नातवाला काय सांगायचं, मिस्त्रींना काय सांगायचं? पण विचारून झालं होतं.

गोविंदाने राजावरून हात फिरवला, त्याला दूर धरून पाहिलं. मग मान हलवली. "तुमी नाही," तो म्हणाला. "बंड्या विचारन."

सुभद्राने बंड्याला पुढे केलं, त्याच्या कानात सांगितलं. बंड्याने नाक ओढलं आणि उचकी देत म्हणाला, "नेऊ ता?"

"ने," गोविंदा म्हणाला.

दोरी त्याने स्वतः बंड्याच्या मुठीत दिली. राजा भुश्यातून चाकं वाजवत गेला. तो दारापर्यंत जाईतो गोविंदा बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, हे सगळ्यांना दिसलं. मग तो भोवतालच्या बैलांकडे वळला, एकेकावरून हात फिरवत ते पुढे सरकवू लागला आणि प्रत्येकाला म्हणू लागला, "न्या. हा न्या. हाही न्या."

गडी धावले. अर्ध्या बैलांना रंग लागलाच नाही, लोकांनी ते तसेच कोरे नेले. गर्दी पांगल्यावर मिस्त्री मारोतरावांजवळ आले. हे सगळं काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही. "पोळ्यानंतर खुर्च्यांचं काम हाये," ते म्हणाले. "पाय घासाले मानूस लागन. परवा सकाळी पाठवजा."

"त्याले विचारतो," मारोतराव म्हणाले. मिस्त्रींनी त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं आणि कारखान्याची फळी लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव नेहमीप्रमाणे मारबतीच्या मिरवणुकीला गेले. कागदाबांबूची ती अक्राळविक्राळ बाई शहराबाहेर नेऊन जाळतात आणि लोक तिच्यामागे ओरडतात, रोगराई घेऊन जाय गे मारबत, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत. गोविंदा दोन वर्षांचा असल्यापासून मारोतराव त्या गर्दीत उभे राहून ओरडत आले होते. तोंडाने रोगराई म्हणायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या पोराचं खुळेपण घेऊन जाय. या वर्षी मारबत समोर आली, आजूबाजूला गलका उठला, त्यांनी तोंड उघडलं, आणि काय घेऊन जा म्हणावं तेच त्यांना कळेना. पोराचं काय द्यायचं होतं आणि काय ठेवायचं होतं? ते विचार करत उभे राहिले तेवढ्यात मारबत पुढे निघून गेली.

दुपारी ते घरी आले तेव्हा घरात तान्ह्या पोळ्याची धांदल होती. राजाच्या शिंगांना बेगड लागली होती. बंड्याला फेटा बांधताना सुभद्राच्या नाकी नऊ आले होते. बंड्याला मैदानावर मामाने न्यायचं ठरलं होतं. मामाला विचारून ठरलं होतं, हे भागीरथाबाईंनी मारोतरावांना दोनदा सांगितलं.

गोविंदा नवा पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. पहिलं बटन दुसऱ्या काजात, आणि तिथून खाली सगळं तिरपं. भोंग्यावरचा तो माणूस या वर्षीही असेल, लोक या वर्षीही बघतील. मारोतरावांचा हात आपोआप पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. चार महिने त्यांनी त्या बटनांना हात लावला नव्हता. लावला तर पोरगा लहान होतो आणि नाही लावला तर हसं होतं. बाईंचं ते वाक्य अजूनही त्यांना कळलेलं नव्हतं.

"गोविंदा," ते म्हणाले, "बटनं लावून देऊ का?"

गोविंदाने खाली मान घालून शर्टाकडे पाहिलं. "थांबा," तो म्हणाला.

त्याने सगळी बटनं सोडली आणि पहिल्यापासून लावायला घेतली. सावकाश, जीभ दातात धरून. बंड्या दोरी ओढत होता, गल्लीतून पोरांचे नंदी खडखडत चालले होते. मारोतराव हात मागे बांधून उभे राहिले. गोविंदाने शेवटचं बटन लावलं आणि पाहिलं. शर्टाची एक बाजू अजूनही खाली लोंबत होती.

त्याने बापाकडे मान वर केली.

"लावा," तो म्हणाला.

मारोतरावांनी वरच्या बटनापासून सुरुवात केली.